टीएसईएन५४च्या कसोटीवर फुकटचे जनुककोश: कोणता उघडावा आणि कुठे थांबावे

एक्झोम तपासणीच्या (जनुकांतले प्रथिन घडवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीच्या) अहवालात एक ओळ असते: टीएसईएन५४, सी.९१९जी>टी, पी.अ‍ॅला३०७सेर, होमोझायगस, पॅथोजेनिक. म्हणजे टीएसईएन५४ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल आहे आणि तो रोगकारक मानला आहे. ही ओळ बरोबर आहे का, तिच्यामागे पुरावा किती आणि पुढच्या गरोदरपणासाठी तिचा अर्थ काय, हे पडताळायला आज एक पैसाही लागत नाही. क्लिनव्हार, ओमिम, जीनरिव्ह्यूज, नोमॅड, युनिप्रॉट, इंडिजीनोम्स, सगळे फुकट. बहुतेकांना लॉग-इनसुद्धा लागत नाही. पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेले की घोटाळा होतो.

शितावरून भाताची परीक्षा करायची तर टीएसईएन५४ हे शीत चांगले आहे. जनुक लहान: १७व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १७क्यू२५.१ या पट्ट्यात, ११ एक्झॉन (जनुकाच्या अंतिम संदेशात राहणारे तुकडे), ५२६ अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यातला एक बदल जगभर प्रसिद्ध, बाकीचे बरेचसे अंधारात. त्यामुळे माहिती भरपूर असताना सेवा कशी वागते आणि माहिती नसताना कशी वागते, हे दोन्ही एकाच ठिकाणी दिसते.

हे जनुक करते काय, ते आधी. टीआरएनए म्हणजे प्रथिन घडवताना अमिनो आम्ले वाहून आणणारे रेणू. पेशीतले काही टीआरएनए तयार होताना त्यांच्या मधोमध, अँटिकोडॉननंतर (संदेश ओळखणाऱ्या तीन अक्षरांनंतर) एक अक्षर सोडून, एक छोटा फाजील तुकडा असतो. तो कापून काढल्याशिवाय टीआरएनए कामाला लागत नाही. माणसात टायरोसिन वाहून नेणाऱ्या टीआरएनएंची तर जवळजवळ सगळी जनुके अशी तुकडेवाली आहेत. कापणारे एन्झाइम चार प्रथिनांचे: टीएसईएन२, टीएसईएन३४, टीएसईएन५४ आणि टीएसईएन१५. अडकित्त्यासारखी रचना समजा. पाती पहिल्या दोघांकडे. ५४ आणि १५ हे खिळा आणि मूठ. पाती कितीही धारदार असली तरी खिळा सैल झाला की सुपारी कातरली जात नाही. कापलेली टोके नंतर आरटीसीबी हे लायगेज, म्हणजे सांधणारे एन्झाइम, जोडते. माणसातले हे चौकडीचे एन्झाइम २००४ साली वेगळे करून दाखवले गेले, आणि २००८ साली या जनुकांतल्या बदलांचा पाँटोसेरेबेलर हायपोप्लेझिया या आजाराशी, म्हणजे लहान मेंदू आणि मस्तिष्कसेतू खुरटलेले राहण्याशी, संबंध सिद्ध झाला.

इथेच पहिली सेवा अडखळते. युनिप्रॉट या प्रथिनांच्या कोशात क्यू७झेड६जे९ हे पान उघडा. प्रथिनाची लांबी, नावे, आजाराशी निगडित बदल, सगळे नेटके आहे आणि प्रत्येक विधानाला शोधनिबंधाचा दुवा जोडलेला आहे. पण कळशब्दांत टीआरएनए प्रक्रियेशेजारीच एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारी प्रत) प्रक्रियाही लिहिलेली दिसते. त्यालाही आधार आहे: २००४च्या कामात या संकुलाचा संबंध एमआरएनएचे शेवटचे टोक घडवणाऱ्या यंत्रणेशीही दिसला होता. पण घाईत वाचणारा ‘स्प्लायसिंग’ हा शब्द बघून थेट स्प्लायसिओसोमकडे, म्हणजे एमआरएनएतले फाजील तुकडे कापून जोडणाऱ्या यंत्राकडे, वळतो, आणि तो पत्ताच चुकीचा. त्या मोठ्या यंत्राशी या चौकडीचा काही संबंध नाही. अहवालात स्प्लायसएआय या संगणकी अंदाजाचा आकडा दिसला तर तोही टीआरएनएबद्दल नसतो. टीएसईएन५४चा स्वतःचा एमआरएनए नीट जोडला जाईल की नाही, याचा तो अंदाज असतो. दुसऱ्याची काटछाट करणाऱ्याची काटछाट तिसराच करतो, अशातली गत. युनिप्रॉटला प्रथिनाच्या माहितीसाठी पूर्ण गुण. आजाराच्या निदानासाठी मात्र तिथे थांबू नये.

जुन्या शोधनिबंधांत शोधताना नावांचाही त्रास होतो. टीएसईएन३४ हे पूर्वी एलईएनजी५ या नावाने आणि टीएसईएन१५ हे सी१ओआरएफ१९ या नावाने छापले गेले आहे. ५४साठी एसईएन५४ हे यीस्टकडून आलेले नाव भेटते. युनिप्रॉट ही जुनी नावे एका ओळीत देते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते पान एकदा उघडून ठेवण्यासारखे आहे.

क्लिनव्हारकडे येऊ, कारण खरी परीक्षा त्याची. अमेरिकेच्या एनसीबीआयची, म्हणजे राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राची, ही सेवा. जगभरच्या प्रयोगशाळा आपापले निष्कर्ष इथे टाकतात आणि क्लिनव्हार ते एका पानावर मांडते. स्वतः कोणताही निवाडा देत नाही. हा तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे. तो विसरला की चूक होते.

शोधताना नुसते जनुकाचे नाव टाकले तर यादी फुगते, कारण १७क्यू२५चा मोठा पट्टा गळालेले किंवा दुप्पट झालेले बदलही त्यात येतात. त्यांत टीएसईएन५४ असते, पण शेजारची डझनावारी जनुकेही असतात. डाव्या बाजूच्या गाळणीत लांबीने लहान बदल, म्हणजे ५० अक्षरांच्या आतले, एवढेच ठेवावेत. मग यादी वाचण्याजोगी होते.

सी.९१९जी>टीच्या पानावर अनेक प्रयोगशाळांनी पॅथोजेनिक म्हटलेले दिसते, आणि तिथे कुणाला शंका घेण्याचे कारण नाही. ताऱ्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. एक तारा म्हणजे निकष सांगून एका प्रयोगशाळेने केलेले वर्गीकरण (निकषवाल्यांत मतभेद असला तरी एकच तारा मिळतो). दोन तारे म्हणजे अनेकांनी केलेले आणि एकमताचे. तीन म्हणजे तज्ज्ञ मंडळाचे, चार म्हणजे उपचार-मार्गदर्शक सूचनांत आलेले. दोन तारे म्हणजे पुरावा दुप्पट नव्हे. पाच प्रयोगशाळा एकाच जुन्या निबंधाच्या आधारावर एकच निष्कर्ष काढू शकतात, आणि तारे दोन होतात. म्हणून ताऱ्यांखालच्या तक्त्यात उतरून प्रत्येक प्रयोगशाळेची तारीख आणि टिपण वाचावे. टिपणात स्वतःचा रुग्ण असेल तर त्याचे वजन जास्त. नुसता संगणकी अंदाज असेल तर कमी. २०१५च्या एसीएमजी (अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेच्या) निकषांआधीच्या नोंदी तर फार जपूनच घ्याव्यात.

अहवालातला बदल त्या पानाशी जुळतो का, हे डोक्यातही तपासता येते. सी.९१९ म्हणजे कोडिंग अक्षरांतले ९१९वे. एका अमिनो आम्लाला तीन अक्षरे. ३०६ आम्लांची ९१८ अक्षरे झाली, म्हणून ९१९वे हे ३०७व्या आम्लाचे पहिले अक्षर. अ‍ॅलनिनचा कोड जीसी ने सुरू होतो, सेरिनचे चार कोड टीसी ने. पहिला जी जाऊन टी आला की अ‍ॅलनिनचे सेरिन होते. हिशेब बसला. अहवालात सी. आणि पी. यांचे आकडे असे जुळत नसतील तर एकतर ट्रान्सक्रिप्ट (मोजणीसाठी धरलेली जनुकाची एमआरएनए प्रत) वेगळा घेतला आहे किंवा टंकताना चूक झाली आहे. या जनुकासाठी संदर्भ ट्रान्सक्रिप्ट एनएम_२०७३४६ हा आहे, आणि तो अहवालात छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर प्रयोगशाळेकडे मागावा. नव्या, अनोळखी बदलासाठी हा हिशेब लेखणीने करण्यापेक्षा म्युटलायझर किंवा व्हेरियंटव्हॅलिडेटर वापरावे. पहिली सेवा लायडनची, दुसरी इंग्लंडमधली, दोन्ही फुकट. गळती आणि भर असलेल्या बदलांत तर त्यांच्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण एकच गळती दोन-तीन वेगळ्या आकड्यांनी लिहिता येते आणि मग शोधात सापडत नाही.

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो जागेच्या आकड्यांत. मानवी जीनोमच्या जुन्या जीआरसीएच३७ नकाशावर हे जनुक सुमारे ७ कोटी ३५ लाखाव्या अक्षराजवळ आहे. नव्या जीआरसीएच३८वर सुमारे ७ कोटी ५५ लाखाजवळ. वीस लाखांचा फरक. जुना आकडा नव्या नकाशावर टाकला तर पान रिकामे येते किंवा भलतेच जनुक उघडते, आणि पाहणारा म्हणतो, ‘हा बदल कुठेच नाही, म्हणजे दुर्मीळ असणार.’ दुर्मीळ वगैरे काही नसते. घराचा नंबर बरोबर, गल्ली चुकलेली. नोमॅडची दुसरी आवृत्ती ३७वर आहे, चौथी ३८वर. कोणत्या आवृत्तीत शोधत आहात, ते वरच्या पट्टीत आधी बघा.

ओमिम हा जनुकांचा आणि आनुवंशिक आजारांचा, म्हाताऱ्या, जाणत्या माणसासारखा कोश. १९६६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये छापील यादी म्हणून सुरू झाला. त्याची खूण ओळखायला शिकले की निम्मे काम होते: आकड्याआधी तारका असेल तर ती जनुकाची नोंद, जाळीची खूण (#) असेल तर आजाराची. टीएसईएन५४ हे जनुक म्हणून ६०८७५५. त्याचे आजार, म्हणजे पाँटोसेरेबेलर हायपोप्लेझियाचे प्रकार, २७७४७० (प्रकार २ए), २२५७५३ (प्रकार ४) आणि ६१०२०४ (प्रकार ५). एकाच जनुकाखाली तीन आजार बघून लोक घाबरतात. प्रत्यक्षात हे बरेचसे एकाच रेषेवरचे बिंदू आहेत. दोन्ही प्रतींत ए३०७एस (पी.अ‍ॅला३०७सेरचेच छोटे नाव) असेल तर बहुधा २ए. एका प्रतीत तो आणि दुसऱ्या प्रतीत प्रथिन तोडून टाकणारा बदल असेल तर ४, जो जन्मतःच जास्त तीव्र असतो. ओमिमची कथनशैली इतिहासासाठी उत्तम, पण परिच्छेद एकावर एक रचलेले. दहा वर्षांपूर्वीचे विधान आणि कालचे विधान शेजारी शेजारी असते, आणि खालचे वरच्याला खोटे ठरवते हे वाचणाऱ्यालाच ताडावे लागते. रुग्णाच्या आईवडिलांना हे पान देऊ नये.

त्यांना द्यावे, किंवा त्यांच्यासाठी वाचावे, ते जीनरिव्ह्यूज, म्हणजे एकेका आनुवंशिक आजारावर तज्ज्ञांनी लिहिलेली प्रकरणे. या साऱ्या सेवांत सर्वांत उपयोगी हेच. टीएसईएन५४साठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. जन्मानंतर लगेच दिसणारा ओढून पिण्याचा त्रास, अंगाची नकळत होणारी वेडीवाकडी हालचाल, डोक्याचा घेर वाढत न जाणे, झटके, हे सगळे क्रमाने येते. एमआरआयच्या उभ्या छेदात लहान मेंदूचे चपटे अर्धगोल म्हणजे पंख आणि तुलनेने वाचलेला मधला भाग म्हणजे शरीर, असे चतुर कीटकाचे चित्र दिसते, तेही तिथे आहे. सर्वांत मोलाची गोष्ट मात्र रोजच्या सांभाळाची. या मुलांत स्नायू तुटण्याचा, म्हणजे र्‍हॅबडोमायोलिसिसचा, धोका सांगितला आहे. तीव्र संसर्गात सीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासावे आणि शरीरात पाणी कमी पडू देऊ नये. ताप आलेल्या बाळाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या घरासाठी ही एक ओळ ओमिमच्या दहा परिच्छेदांपेक्षा जास्त कामाची. उणीव एकच: भाषा इंग्रजी आणि ती डॉक्टरांची. समुपदेशकाने समोर बसून उलगडून सांगावी लागते.

गर्भ तपासणीच्या बाबतीतही हे प्रकरण स्पष्ट आहे. दोन्ही पालक वाहक (एकाच प्रतीत बदल असलेले, स्वतः निरोगी) असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सोनोग्राफीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण लहान मेंदूचे खुरटणे गरोदरपणाच्या मध्यावर डोळ्यांत भरेलच असे नाही. घरातले दोन्ही बदल आधी पक्के माहीत असतील तर गर्भवार किंवा गर्भजलातून थेट तेच तपासायचे. ‘दोन्ही बदल पक्के’ या शब्दांतच मेख आहे. बाळात टीएसईएन५४चे दोन वेगळे बदल सापडले म्हणजे ते दोन वेगळ्या प्रतींवर आहेत असे होत नाही. दोन्ही एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत निरोगी, आणि आजाराचे कारण दुसरेच. हे कोणताही कोश सांगू शकत नाही. आईचे आणि वडिलांचे रक्त तपासून एकेक बदल कुणाकडून आला हे बघावे लागते.

नोमॅड म्हणजे रोगी नव्हे, तर साधारण लोकसंख्येतल्या जनुकांची मोजदाद. चौथ्या आवृत्तीत ८ लाख ७ हजारांहून जास्त माणसांचा डेटा आहे. पान सुबक, वेग चांगला, आणि होमोझायगस किती हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गंभीर बालरोग घडवणारा म्हणून सांगितलेला बदल तिथे डझनभर लोकांत होमोझायगस दिसला तर त्या दाव्यावर मोठे प्रश्नचिन्ह. ए३०७एसचे मूळ युरोपात आहे. नेदरलँड्समधल्या व्होलेंडाम या मासेमारांच्या गावात साधारण सातांत एक माणूस त्याचा वाहक आहे, आणि तिथे २०१२पासून लग्न किंवा गर्भधारणेआधी वाहक-तपासणीचे केंद्र चालते; या आजारासह चार आजारांसाठी. म्हणून युरोपीय रकान्यात हा बदल दिसतो आणि इतरत्र विरळ होत जातो. यावरून सरळ निघणारी व्यवहारातली गोष्ट: महाराष्ट्रातल्या बाळात चतुराचे चित्र दिसले तर फक्त ए३०७एससाठी तपासणी करून ‘नाही’ असा निर्वाळा देऊ नये. पूर्ण टीएसईएन५४, सोबत टीएसईएन२, ३४, १५, एसईपीएसईसीएस आणि सीएलपी१ घेतलेला पॅनेल किंवा एक्झोमच करावा.

नोमॅडमध्येच पीएलआय नावाचा एक गुण जनुकाच्या माथ्यावर दिसतो. तो एक प्रत गेली तर माणसाला किती झेपते, याचा अंदाज. टीएसईएन५४चा आजार अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती गेल्यावरच होणारा. त्यामुळे इथे तो गुण शून्याजवळ असला तरी बदल निरुपद्रवी ठरत नाही. ही चूक अहवालांतही छापून येते.

आता खरी दुखरी जागा. दक्षिण आशियाई असा एक रकाना नोमॅडमध्ये आहे, पण तो आपल्या वाट्याला पुरत नाही. जुन्या आवृत्तीत त्याचा मोठा भाग पाकिस्तानातल्या हृदयविकाराच्या एका अभ्यासातून आलेला होता. मराठी माणूस, आणि त्यातही जातीजातींत आपापसात लग्न करणारे गट, त्यात कितीसे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. भारतीय भर घालणारे इंडिजीनोम्स हा सीएसआयआर-आयजीआयबी या दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेचा कोश आहे: १,०२९ भारतीयांचे पूर्ण जीनोम. शोध सोपा, पान हलके, आणि पहिल्या नजरेत आपल्याकडे हा बदल दिसला का एवढे कळते. पण ‘दिसला नाही’ याचा अर्थ किती ताणावा? १,०२९ माणसे म्हणजे २,०५८ प्रती. एकही सापडला नाही तर ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की त्याचे प्रमाण ३ भागिले २,०५८, म्हणजे साधारण ६८६ प्रतींत एक, याहून कमी आहे. वाहकांच्या भाषेत ३४०त एकपर्यंतही असू शकतो! तेवढ्या प्रमाणावर रिकामा रकाना बघून निर्धास्त होणे बरे नव्हे. १० हजार भारतीयांचा जीनोमइंडिया प्रकल्पाचा डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे. तो संशोधकांना अर्ज करून मिळतो, घरबसल्या एका क्लिकवर नाही.

आकडेमोडीचा उपयोग कुठे होतो ते एका उदाहरणाने. समजा एखाद्या बदलाचे प्रमाण हजार प्रतींत एक. नात्यात नसलेल्या जोडप्यात आजारी बाळाची शक्यता दहा लाखांत एक. तेच आतेमामे भावंडांचे लग्न असेल, जे महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याच्या रूढीने आजही होते, तर ती साधारण १६ हजारांत एक. साठपटींहून जास्त. नोमॅड किंवा इंडिजीनोम्स हे गणित करून देत नाही. घराण्याचा वंशवृक्ष समोर ठेवून करावे लागते. म्हणून कोश उघडण्याआधी समुपदेशकाचा पहिला प्रश्न ‘लग्न नात्यात झाले का’ हाच असतो, आणि तो विचारल्याबद्दल रागावू नये.

अल्फाफोल्डचे, म्हणजे प्रथिनाची घडी संगणकाने वर्तवणाऱ्या सेवेचे, चित्रही एकदा बघावे, पण जपून. टीएसईएन५४चा मधला लांब भाग त्यात पिवळा-नारिंगी, म्हणजे कमी खात्रीचा आणि ठाम घडी नसलेला दिसतो. ३०७वे आम्ल नेमके त्याच भागात. अ‍ॅलनिनचे सेरिन हा रसायनाच्या दृष्टीने सौम्य बदल. चित्र बघून कुणीही म्हणेल, याने काय बिघडणार? आणि तरी आजार पक्का आहे, कुटुंबामागून कुटुंबात सिद्ध झालेला. म्हणून या जनुकात संगणकी अंदाजाला कुटुंबातल्या पुराव्यापेक्षा वर बसवू नये.

वापराचा क्रम असा ठेवावा. अहवालातला ट्रान्सक्रिप्ट आणि नकाशाची आवृत्ती आधी. ती जुळल्यावर क्लिनव्हारचा तक्ता, तारखांसकट. मग नोमॅडमध्ये होमोझायगसचा रकाना आणि इंडिजीनोम्स. आजाराचे आणि सांभाळाचे जीनरिव्ह्यूजमधून. ओमिम आणि युनिप्रॉट गरज पडली तरच. क्लिनव्हारच्या नोंदी बदलत राहतात. आज अनिश्चित असलेला बदल वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या खान्यात जाऊ शकतो. म्हणून पान छापून ठेवताना त्यावर तारीख आणि आवृत्ती लिहावी, आणि अनिश्चित निकाल असलेल्या घराला पुढच्या गरोदरपणाआधी तेच पान पुन्हा बघायला बोलवावे.